बागेतल्या बिल्ल्याची कुळकथा

1972 साली अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या टकोमा शहरात, एका मॉलमध्ये, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेनं एक टेबल मांडलं. खरेदीला आलेल्या माणसानं थांबावं, घरच्या गुलाबाची, सफरचंदाची, अंगणातल्या हिरवळीची तक्रार सांगावी आणि सल्ला फुकट घेऊन जावं, एवढीच योजना. कोणी थांबेल का, हे पाहण्यासाठीच तो प्रयोग होता. लोक इतके थांबले की पुढच्या वर्षी, 1973 मध्ये, अशा टेबलांमागे बसायला स्वयंसेवकांची पहिली तुकडी रीतसर शिकवून तयार केली गेली. त्यांना ‘मास्टर गार्डनर’ म्हणू लागले. आज अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत हा कार्यक्रम चालतो, कॅनडातही चालतो, आणि त्याच साच्यातून निसर्ग-अभ्यासाचे नि कंपोस्टचे प्रमाणपत्र-कार्यक्रम निघाले आहेत.

सेवा करायला कागद कशाला लागतो? ज्याला झाडांची आवड आहे त्यानं शेजाऱ्याला चार गोष्टी सांगाव्यात, त्यासाठी परीक्षा आणि छातीवर बिल्ला कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र त्या मॉलमध्ये सापडत नाही. त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

1862 साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या संसदेतल्या दर प्रतिनिधीमागे 30,000 एकर सरकारी जमीन मिळाली. ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं महाविद्यालय काढायचं, अशी अट होती. ती जमीन ‘सरकारी’ झाली होती मूळ रहिवाशांकडून घेतल्यामुळे, आणि या महाविद्यालयांचा गौरव करताना हे विसरणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. पुढे 1887 मध्ये हॅच कायद्यानं प्रत्येक राज्यात कृषी संशोधन केंद्रं आली. म्हणजे शिकवण्याची सोय झाली, शोधण्याचीही झाली. पण शोधलेलं बांधावर पोचवायचं कसं, हे कोणालाच उमगलं नव्हतं. पुस्तिका छापल्या जात. शेतकरी त्या वाचत नसे, आणि वाचल्या तरी विश्वास ठेवत नसे. स्वतःचं पोट एका हंगामावर टांगलेलं असताना त्यानं कॉलेजातल्या माणसावर भरवसा का ठेवावा?

हा गुंता सोडवला सीमन नॅप नावाच्या वृद्ध शिक्षकानं. 1903 साली टेक्सासमधल्या टेरेल गावाजवळ त्यांनी पोर्टर नावाच्या शेतकऱ्याला त्याच्याच शेतात नव्या पद्धतीनं पीक घ्यायला लावलं. नुकसान झालं तर भरून द्यायला गावातल्या लोकांनी पैसे बाजूला काढले होते. नुकसान झालं नाही, उलट नफा वाढला. त्याच सुमारास बोल वीव्हिल नावाचा भुंगा टेक्सासचा कापूस फस्त करत होता, त्यामुळे शेजारपाजारचे शेतकरी ते शेत पाहायला आपण होऊन येऊ लागले. नॅप यांच्या पद्धतीचा गाभा एवढाच होता की सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या गावातला हवा आणि त्यानं स्वतः करून पाहिलेलं असायला हवं.

तीन वर्षांनी, 1906 मध्ये, अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी आराखडा केलेली एक गाडी बाहेर पडली. तिला जेसप वॅगन म्हणत, कारण पैसे मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकानं दिले होते. खेचरं जुंपलेल्या त्या गाडीत अवजारं होती, बियाणं होतं, दूध-लोण्याची साधनं होती. ती गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वस्तीवर जाऊन उभी राहायची. थॉमस कॅम्पबेल हे तरुण पदवीधर ती चालवत, आणि ते देशातले पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी ठरले. शाळा माणसाकडे जाते, ही कल्पना मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

1910 साली दक्षिण कॅरोलायनातल्या एकेन काउंटीत, म्हणजे परगण्यात, मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीनं एकरच्या दहाव्या हिश्श्यात टोमॅटो लावायचे, स्वतः डबाबंद करायचे आणि विकायचे. पैसा मुलीच्या हातात यायचा. असे क्लब भराभर पसरले, आणि त्यांना पगारी माणसं पुरणं शक्यच नव्हतं. म्हणून गावोगावच्या बायका बिनपगारी पुढे आल्या, स्वतः शिकल्या आणि मुलींना शिकवू लागल्या. ‘आधी शिक, मग दुसऱ्याला शिकव’ हा बिनपैशांचा व्यवहार इथे पहिल्यांदा ठळक दिसतो. प्रमाणपत्र नव्हतं, पण त्याची अर्धी घडण झाली होती.

1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं या सगळ्या धडपडीला सरकारी घर दिलं. केंद्र, राज्याचं विद्यापीठ आणि काउंटी यांनी मिळून पैसे घालायचे आणि प्रत्येक काउंटीत विस्तार अधिकारी नेमायचा. पैशाचं वाटप राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवल्यामुळे दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांना अगदी किरकोळ वाटा मिळाला. ज्या टस्कीगीनं वाट दाखवली तिलाच मागे ठेवून ही सेवा उभी राहिली, आणि त्या भेदाच्या खुणा पुढे बराच काळ पुसल्या गेल्या नाहीत.

मधल्या काळात दोन महायुद्धं झाली आणि दोन्ही वेळा अमेरिकेची शहरं एकाएकी बागाईत झाली. 1917 साली चार्ल्स लॅथ्रॉप पॅक यांच्या पुढाकारानं युद्ध-बागांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धात ‘व्हिक्टरी गार्डन’ची लाट आली, तेव्हा सुमारे 2 कोटी बागा होत्या आणि देशातल्या भाजीपाल्याचा जवळजवळ 40 टक्के वाटा त्यांतून येत होता, असं सांगितलं जातं. परसात, शाळेच्या मैदानात, गिरणीच्या आवारात वाफे पडले. युद्ध संपलं आणि वाफे बुजले. तीन-चार हंगामांत लाखो माणसांनी जे हातांनी शिकून घेतलं होतं ते पुढच्या पिढीकडे जाण्याआधीच विरून गेलं, कारण ते धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती. उत्साहात कमतरता मुळीच नव्हती. पण शिकलेल्याला दरवर्षी परत बोलावणारं, त्याचं ज्ञान ताजं ठेवणारं आणि त्याला नवशिक्याशी जोडून देणारं कोणी नव्हतं. बागकामाच्या प्रमाणपत्राला जे नावं ठेवतात त्यांनी या दोन विरलेल्या लाटांचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

युद्धानंतर उपनगरं वाढली आणि घरापुढे हिरवळ आली. तिच्यासोबत दुकानात नवी औषधं आली. लढाईच्या काळात डासांवर वापरलेलं डीडीटी आता गुलाबावर फवारलं जाऊ लागलं. 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हर्नन स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की प्रत्येक किडीवर फवारायचं कारण नाही. नुकसान किती होईल ते मोजा, मित्रकीटकांना काम करू द्या, आणि मगच औषधाचा विचार करा. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया तो. 1962 मध्ये कीटकनाशकांच्या धोक्यांवरचं रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आलं, 1970 मध्ये पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. नेमक्या त्याच वर्षी टकोमाचं टेबल मांडलं गेलं, आणि हा योगायोग निव्वळ तारखांचा नाही. शहरी माणसाला आता औषधाची भीती वाटू लागली होती, झाडाची ओढ होती, आणि विचारायला जागा मात्र दुकानदाराचीच होती. दुकानदार औषध विकणारा.

सिएटल आणि टकोमा ज्यांत येतात त्या किंग आणि पिअर्स काउंट्यांत डेव्हिड गिबी हे विद्यापीठाचे विस्तार अधिकारी होते. त्यांच्यासोबत बिल शीअर होते, त्यांचं खरं काम व्यावसायिक बागायतदारांसाठी. दोघांचे फोन दिवसभर घरगुती प्रश्नांनी वाजत. हिरवळीत शेवाळ का वाढतं, पानावर हे ठिपके कसले, गोगलगाईचं काय करू. पावसाळी हवा, आम्लधर्मी माती, वाढतं शहर. लोकांना एकदमच सांगून टाकावं म्हणून त्यांनी रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रं यांचा आधार घेतला, आणि फोन आणखी वाढले. उत्तराची सवय लागली की प्रश्न वाढतात. तेव्हा सुचलं की ज्यांना बागेची मनापासून आवड आहे अशांना विद्यापीठानं शिकवावं, आणि त्यांनी उत्तरं द्यावीत. सहकाऱ्यांमध्ये शंका घेणारे होते. वनस्पतिरोगशास्त्र शिकायला वर्षं लागतात, हौशी माणूस काही आठवड्यांत काय शिकणार? शंका खोटी नव्हती. चुकीचं निदान म्हणजे चुकीचं औषध, आणि चुकीचं औषध परसातून ओढ्यात जातं.

‘सनसेट’ मासिकात या योजनेबद्दल छापून आलं आणि लोकांनी मोठ्या संख्येनं हात वर केले. मग शिकवायचं काय आणि बांधायचं कशानं, हा खरा विचार झाला. गिबी आणि शीअर यांना जर्मनीतल्या कारागिरांच्या परंपरेची माहिती होती. तिथे माळी उमेदवारी करतो, परीक्षा देतो आणि उस्ताद ठरतो. त्या मानाच्या पदवीबरोबर त्याला धंद्यात वजन येतं, शिकाऊ मुलं हाताखाली घेण्याचा अधिकार मिळतो. टकोमात हा मान उचलला, पण त्याच्या पोटातला व्यवहार उलटा फिरवला. इथली पदवी धंद्यासाठी वापरायची नाही. मास्टर गार्डनर असल्याची जाहिरात करून नर्सरी चालवता येत नाही, सल्ल्याचे पैसे घेता येत नाहीत, कुठल्या कंपनीच्या मालाची शिफारस करता येत नाही. शिकवणीच्या बदल्यात ठरावीक तास सेवा द्यायची, ती दिली तरच प्रमाणपत्र, आणि दरवर्षी तास नि नवं शिक्षण पुरं केलं तरच ते चालू राहतं. जर्मन उस्तादाचा मान त्याची मिळकत वाढवतो. या माणसाचा मान त्याच्या शब्दामागे कोणाचा नफा नाही याची हमी देतो. प्रमाणपत्राचं सगळं मोल मला या एका उलट्या फिरवण्यात दिसतं.

दुसरी गोष्ट शिस्तीची. मास्टर गार्डनरनं सल्ला द्यायचा तो विद्यापीठाच्या छापील संशोधनातून, स्वतःच्या ‘माझ्याकडे असं केलं की येतं’ या अनुभवावरून नाही. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण टेबलापाशी उभं राहून पाहावं. कोणी पिवळं पडलेलं पान पुढे करतं. नवखा उत्साही माणूस लगेच ‘लोह कमी आहे’ म्हणून मोकळा होईल. शिकलेला स्वयंसेवक आधी प्रश्न विचारतो: पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या? सगळ्या झाडावर की एकाच अंगाला? शेजारचं झाड कसं आहे? पाणी किती, कधी? अलीकडे तण मारायचं औषध वापरलं का? मग भिंग, मग संदर्भाचं पुस्तक, आणि तरी कळलं नाही तर ‘मला हे ठाऊक नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवू’. हे वाक्य न संकोचता म्हणता येणं हे या शिक्षणाचं मोठं फळ आहे. परसातली बहुतेक दुखणी किडीची किंवा रोगाची नसतातच. ती पाण्याची, जागेची, खोल लावल्याची, मुळं आवळल्याची असतात. त्यांवर औषध मारून काहीच साधत नाही. न फवारलेल्या औषधाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, म्हणून या कामाचा सगळ्यात मोठा हिशेब कायम अदृश्य राहतो.

अदृश्य हिशेबावर सरकारी अनुदान मिळत नाही, तेव्हा तास मोजावे लागतात. गेल्या दशकातल्या राष्ट्रीय अहवालांत 80 हजारांहून अधिक स्वयंसेवक आणि वर्षाला सुमारे 50 लाख तास असे आकडे आहेत. अमेरिकेत स्वयंसेवेच्या एका तासाची किंमत दरवर्षी जाहीर होते. 2023 साठी ती 33.49 डॉलर होती. गुणाकार केला तर 16 कोटी डॉलरच्या वर रक्कम जाते, आणि काउंटीच्या बैठकीत ती उपयोगी पडते. तिथे ती जरूर मांडावी. पण तासांवर नजर खिळली की तास भरण्यासाठी काम शोधलं जातं, आणि हा धोका कार्यक्रम चालवणाऱ्यांनी डोळ्यांआड करू नये.

1996-97 च्या सुमारास टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत या साच्याला नवा फाटा फुटला आणि 1998 मध्ये तो राज्यभराचा ‘मास्टर नॅचरलिस्ट’ कार्यक्रम झाला. टेक्सासची जवळपास 95 टक्के जमीन खासगी मालकीची आहे. वनखात्याचा माणूस तिथे कुठे कुठे पोचणार? म्हणून राज्याचं वन्यजीव-उद्यान खातं आणि कृषी विस्तार सेवा एकत्र आली. 40 तास शिकायचं: भूशास्त्र, गवताळ प्रदेश, पाणथळ, पक्षी, सरपटणारे प्राणी, कीटक, कायदा. मग वर्षाला 40 तास सेवा आणि 8 तास पुढचं शिक्षण. बदल्यात मिळते चतुराची छोटी पिन. या लोकांनी गवताळ माळांवरची परकी झुडपं उपटली, शाळांना माळ दाखवले, पक्ष्यांच्या, बेडकांच्या मोजण्या केल्या. आज राज्यात 40 हून अधिक शाखा आहेत. इथे बागेचा बिल्ला कुंपणाबाहेर पडला. आपल्या झाडाची काळजी घ्यायला शिकलेला माणूस, जे कोणाचंच नाही त्याची नोंद ठेवू लागला.

एक उणीव मात्र टकोमापासून सोबत आली आहे. दिवसा उजेडी भरणारे वर्ग, शेकडो डॉलरच्या घरात जाणारं शुल्क, स्वतःची बाग असण्याची अव्यक्त अपेक्षा. त्यामुळे हा बिल्ला बहुतेक करून निवृत्त, सुस्थितीतल्या, गोऱ्या माणसांच्या छातीवर दिसतो. संध्याकाळचे नि ऑनलाइन वर्ग, शुल्कमाफी, स्पॅनिशमधलं शिक्षण असे उपाय आता होत आहेत. टस्कीगीची गाडी ज्यांच्या दारी जाई त्यांच्यापर्यंत पोचल्याखेरीज या घराण्याला आपल्याच पूर्वजांचं ऋण फेडता येणार नाही.

या घराण्याची एक फांदी महाराष्ट्रातही आली आहे. स्वतंत्र भारतानं कृषी विद्यापीठं उभारली ती याच अमेरिकन नमुन्यावर: शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली. पंतनगर 1960 मध्ये पहिलं झालं. महाराष्ट्रात 1968 मध्ये राहुरी, 1969 मध्ये अकोला, 1972 मध्ये दापोली आणि परभणी. राहुरीच्या उभारणीत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचं सहकार्य होतं. म्हणजे टकोमाचं टेबल आणि दापोलीचं विद्यापीठ हे एकाच वर्षाचे, एकाच कुळातले. पण आपल्याकडे विस्तार म्हणजे शेतकऱ्यासाठीची सेवा राहिली, आणि तशी ती असायलाच हवी होती. पुण्या-मुंबईतला गच्चीवर मिरच्या-टोमॅटो लावणारा माणूस आजही रोगाचं नाव त्यालाच विचारतो जो त्यावरची बाटली विकतो. विद्यापीठाचं ज्ञान आणि शहरातला हौशी हात यांना जोडणारा, नफ्यापासून लांब ठेवलेला दुवा आपल्याला हवा आहे. आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, घरची बाग अनेक वर्षं सांभाळलेल्या गृहिणी हे काम आनंदानं करतील.

परदेशातल्या मराठी घरांचा या बिल्ल्याशी संबंध येतो तो कढीपत्त्यामुळे. सिट्रस सिला ही कीड विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना नवी नाही. अमेरिकेत ती 1998 मध्ये फ्लोरिडात सापडली, 2008 मध्ये कॅलिफोर्नियात. तिच्यामार्फत पसरणारा ग्रीनिंग हा रोग फ्लोरिडात 2005 मध्ये दिसला आणि त्यानं तिथल्या संत्र्याच्या उद्योगाची वाताहत केली. कॅलिफोर्नियात तो 2012 मध्ये पहिल्यांदा आढळला, तो मोठ्या बागेत नव्हे, लॉस एंजेलिस परिसरातल्या हॅसिएंडा हाइट्समध्ये एका घराच्या परसात. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, आणि सिलाला तो फार आवडतो. कढीपत्त्याला स्वतःला ग्रीनिंग होत नाही, पण त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर कीड पोसली जाते आणि रोपाबरोबर गावोगाव जाते. म्हणून कॅलिफोर्नियात क्वारंटाइन क्षेत्राबाहेर ही रोपं नेण्यावर निर्बंध आहेत. मैत्रिणीला कुंडीतलं रोप भेट देणं हे आपल्याकडे साधं प्रेम. तिथे ते शेकडो मैलांवरच्या संत्र्याच्या बागेला महागात पडू शकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठानं आपल्या मास्टर गार्डनरांना या किडीचं वेगळं प्रशिक्षण दिलं आहे. शेंड्यावर 45 अंशांत शेपूट वर करून बसलेला तो इवलासा तपकिरी कीटक कसा ओळखायचा आणि दिसला तर कोणाला कळवायचं, हे ते बाजारात, वाचनालयात, उद्यानात लोकांना दाखवतात. सॅन होजे किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्या मराठी कुटुंबानं रोप गाडीत घालण्यापूर्वी त्यांना एकदा विचारून घ्यावं. त्याचे पैसे पडत नाहीत.